केक, कुकर आणि कोड रिव्ह्यू

परवा आमच्या टीममधला एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आला. पहिल्यांदाच ऑनसाइट चाललाय, स्टुटगार्टला. मी तिथे दीड वर्ष काढलेलं असल्यामुळे पोरं मला ट्रॅव्हल गाइड समजतात. थर्मल कुठून घेऊ, कुकर नेऊ का, वगैरे झाल्यावर त्याने खरा प्रश्न काढला. "सर, माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात तिथेच येतोय. तिकडे म्हणे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो. चांगलं केक शॉप सांगा ना. जरा इम्प्रेशन पडलं पाहिजे."

मी म्हटलं, "स्वतः कर."

तो हसला. "काय सर, मला चहा येत नाही."

त्याला तेवढ्या वेळात सगळं सांगता आलं नाही, म्हणून हा वीकेंडचा लेख. लांबलचक उत्तर समजा.

पहिल्यांदा आपल्याकडची पद्धत आठवा. हिंजवडी असो की हडपसर, सीन तोच. टीममध्ये शंभर-शंभर रुपये जमा होतात. कुणीतरी अॅपवरून केक मागवतो. साडेचार वाजता सगळे पॅन्ट्रीत. सुरी, मेणबत्ती, बेसूर गाणं. मग केकचा पहिला मोठा तुकडा ज्याचा वाढदिवस त्याच्या तोंडात न जाता तोंडावर जातो. नाकात क्रीम, चष्म्यावर क्रीम, कॉलरवर चॉकलेट. उरलेला केक कागदी प्लेटमध्ये अर्धवट खाल्लेला, संध्याकाळी हाउसकीपिंगच्या मावशी तो गोळा करतात. मीही हे सगळं केलंय. पण कधीतरी विचार करा, तोंडाला फासायला आपण कुठला पदार्थ घेऊ? आईने केलेली पुरणपोळी कुणी कुणाच्या तोंडाला फासेल का? केक फासता येतो, कारण तो कुणी केलाय हे आपल्याला माहीत नसतं.

जर्मनीत उलटं. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा दिल्या तर ते लोक दचकतात, अपशकुन मानतात. आणि त्या दिवशी उत्सवमूर्तीच केक घेऊन येते. तसं आपल्याला हे नवीन नाही. शाळेत वाढदिवसाला नवा ड्रेस घालून आपणच चॉकलेटं वाटायचो, पेढे आपणच देतो. फरक पुढे आहे. ऑफिसच्या किचनमध्ये केक ठेवला की पहिला प्रश्न येतो, "स्वतः केलास?"

मला हे माझ्या वाढदिवसाच्या दोन आठवडे आधी कळलं. साल २०१२, महिना सप्टेंबर. तिथे पोचून चारच महिने झालेले. मीटिंगमध्ये माझं इंग्रजी अडखळायचं, जर्मन तर 'गुटन मॉर्गन'च्या पुढे नाहीच. आपण कोड बरा लिहितो हे सिद्ध व्हायला वेळ लागतो, केक एका दिवसात सिद्ध होईल, असा माझा हिशोब. इम्प्रेस करायचं म्हणजे करायचं!

मग काय, ब्लॅक फॉरेस्ट करायचं ठरवलं. सोलापुरात आमच्या लहानपणी भारी केक म्हणजे ब्लॅक फॉरेस्ट. वर पांढरं क्रीम, चॉकलेटचा कीस आणि लालभडक चेरी. हा मनसुबा मी एका मित्राला फोनवर सांगितला. त्याने विचारलं, "तू राहतोस कुठं बे?" आणि माझी ट्यूब पेटली. स्टुटगार्टहून गाडीने तासाभरात ब्लॅक फॉरेस्ट सुरू होतं. खरंखुरं, झाडांचं. म्हणजे पंढरपूरकरांना बाजार आमटी करून वाढण्यातला प्रकार! शिवाय जर्मनीत खाद्यपदार्थांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत या केकमध्ये चेरीपासून गाळलेल्या दारूची चव लागली पाहिजे असं लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ती दारू सहसा नसतेच, आणि ती लालभडक चेरीसुद्धा बहुतेक वेळा चेरी नसते. ते असतं आपलं करवंद, पाकात मुरवून रंगवलेलं. इतकी वर्षं मी करवंद चेरी म्हणून मिटक्या मारत खात होतो. असो.

शेवटी घरी फोन लावला. तेव्हा स्काइप होतं (२०२५ साली तेही बंद पडलं). आईला म्हटलं, तुझा तो कुकरमधला केक सांग.

आई दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "कुठला? रव्याचा? तो तुला आवडायचा का?"

या प्रश्नाकडे परत येतो.

तो केक ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात ओव्हन नव्हता. गल्लीत एका घरी तो गोल, झाकणाला काच असलेला विजेचा ओव्हन होता, पण तो मागायला जायचं म्हणजे केकचा अर्धा भाग तिकडे पोचवायचा. म्हणून कुकर. कुठेतरी चालू असलेल्या बांधकामावरची दोन भांडी वाळू आणायची, चाळायची, धुवून वाळवायची. कुकरची शिट्टी आणि रिंग काढायची, म्हणजे आत वाफ कोंडत नाही. तळाला वाळू पसरून दहा-पंधरा मिनिटं तापवायची. अॅल्युमिनियमच्या डब्याला तूप चोळून मैदा भुरभुरवायचा, मिश्रण ओतायचं आणि डबा वाळूवर ठेवून गॅस बारीक. पाणी नाही, म्हणून उकड नाही. वाळूची कोरडी, सावकाश, सगळीकडून सारखी येणारी आच. थोडक्यात, आईने पाच लिटरच्या कुकरचा ओव्हन केला होता.

आणि हे फक्त आमच्याच घरी नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत गल्लीतल्या बायका मैदा, पिठीसाखर आणि डालडा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायच्या. सामान आपलं, भट्टी त्यांची, मजुरी किलोवर. तिथे उभं राहून पत्र्यावर नानकटाई मांडायची आणि आपला पत्रा दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून पोरांना राखणीला बसवायचं. मी कित्येक दुपारी अशी राखण केली आहे. सोलापूरचा उन्हाळा आणि त्यात भट्टी, म्हणजे ओव्हनमध्ये ओव्हन. पण डबा घरी आला की शेजारी चार-चार नानकटाया जायच्या आणि प्रत्येक घरातून निरोप यायचा, "यंदा जरा कडक झाली" किंवा "तूप हात आखडून घातलंय." हे वाक्य लक्षात ठेवा.

तर आईने कृती सांगितली. बारीक रवा दोन वाट्या, साखर सव्वा वाटी, दही एक वाटी, तूप पाऊण वाटी, दूध लागेल तसं, वेलची, चिमटीभर मीठ. अर्धा तास भिजू द्यायचं. सगळ्यात शेवटी खायचा सोडा, अर्धा चमचा. "आणि सोडा घातल्यावर गप्पा मारत बसू नको."

वाटी म्हणजे किती ग्रॅम, या प्रश्नावर मायलेकांत वीस मिनिटं गेली. शेवटी तिने वाटी कॅमेऱ्यासमोर धरली. 'लागेल तसं' याचं मात्र कुठल्याही युनिटमध्ये रूपांतर झालं नाही.

शनिवारी खरेदी केली, कारण रविवारी तिथे सुपरमार्केट बंद. रवा 'ग्रीस' या नावाने मिळाला, दही मिळालं. सोडा म्हणून बेकिंग पावडरची पुडी उचलली. या पुडीचा एक इतिहास आहे. बीलेफेल्ड गावातल्या ऑगस्ट योटकर नावाच्या औषधविक्याने १८९० च्या दशकात बेकिंग पावडर छोट्या पुड्यांत भरून विकायला सुरुवात केली. एक पुडी म्हणजे अर्धा किलो पिठाचं माप. बेकिंग पावडर त्याने शोधली नव्हती, पण माप ठरवून दिल्यामुळे गृहिणींचे केक फसायचे थांबले आणि त्यातून केवढी मोठी कंपनी उभी राहिली. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर त्याने डिफॉल्ट व्हॅल्यू सेट करून दिली.

मी शहाणा. डिफॉल्ट सोडून आईचा अर्धा चमचा वापरला.

रविवारी दुपारी ओव्हनमधून जे बाहेर आलं त्याला केक म्हणणं धाडसाचं होतं. चपटा, पांढुरका आणि आंबट. सोलापूरकर केक करायला गेला आणि कडक भाकरी करून बसला! फोटो मित्राला पाठवला. त्याचं उत्तर, "आता शेंगाची चटणी घे सोबत."

पण इंजिनियर माणूस. तीन लक्षणं दिसली की तीन बग शोधण्याआधी मूळ एकच आहे का ते बघायचं. होतं एकच. खायचा सोडा म्हणजे शुद्ध बायकार्बोनेट. बेकिंग पावडरमध्ये त्याच सोड्यात कोरडं आम्ल आणि स्टार्च मिसळलेलं असतं, त्यामुळे चमच्याला चमचा धरला तर तिचा जोर साधारण एक तृतीयांश. शिवाय ती आपलं आम्ल सोबत घेऊन येते. म्हणजे गॅस कमी, म्हणून केक चपटा. दह्याचं आम्ल मारायला सोडा शिल्लकच नाही, म्हणून आंबट. आणि सोड्याचा अल्कलीपणा असला की केकला खरपूस रंग लवकर चढतो. तो नाही, म्हणून पांढुरका. आई हे सगळं "सोडा म्हणजे सोडा" एवढ्या तीन शब्दांत सांगून मोकळी झाली होती.

सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून परत येताना 'नाट्रोन' नावाची पुडी घेतली. हाच आपला खायचा सोडा. रात्री अकरा वाजता दुसरा केक ओव्हनमधून काढला. फुगला होता, वर तांबूस, एका बाजूला किंचित कललेला. सकाळी ट्राममध्ये डबा मांडीवर धरून गेलो. इतक्या काळजीने मी कंपनीचा लॅपटॉपही कधी नेला नाही.

आता ऑफिस. प्रश्न आलाच, "स्वतः केलास?" मी हो म्हटलं आणि लोक उभे राहिले. म्हणजे खरंच, प्लेट घेऊन निघून जाण्याऐवजी थांबले. हे कशाचं पीठ, अंडी नाहीत तर फुगला कसा, हा वास कसला. ज्यांच्याशी चार महिन्यांत फक्त बिल्ड फेल झाल्यावर बोलणं व्हायचं ते वेलचीवर बोलत होते. टेस्टिंग टीममधला एक तुर्की वंशाचा मुलगा एक घास खाऊन म्हणाला, "अरे, हा तर आमचा रेवानी! माझी आई करते, फक्त गरम असताना वरून साखरेचा पाक ओतते." १९६१ च्या करारानंतर कामगार म्हणून जर्मनीत आलेल्या तुर्कांबरोबर हा रव्याचा, बऱ्याचदा दही घातलेला केकही तिथे आला. मी आपला 'खास आमच्या सोलापूरचा' म्हणून छाती काढून उभा होतो, ती जरा आत घेतली. :)

आणि मग माझ्या शेजारच्या टेबलावरचे, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले इंजिनियर. त्यांनी तुकडा शांतपणे संपवला आणि म्हणाले, "चव छान आहे. पण कोरडा झालाय. पंखा लावून भाजलास का? मग तापमान वीस अंशांनी कमी करायचं आणि दहा मिनिटं आधी काढायचं."

माझा चेहरा पडला. वाढदिवसाच्या दिवशी असं कुणी बोलतं का? आपल्याकडे कसं, घशाखाली उतरत नसलं तरी "मस्त झालाय!" पण दुपारी कोड रिव्ह्यूला बसलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेच गृहस्थ, तोच स्वर. माझ्या कोडमधल्या बावीस ओळींवर त्यांच्या सूचना. ज्याचं काम ते फालतू समजायचे त्याला ते "ठीक आहे" म्हणून पास करायचे. बावीस सूचना म्हणजे त्यांनी प्रत्येक ओळ वाचली होती. केकचंही तेच. दुकानातल्या केकला "कोरडा आहे" असं तुम्ही कुणाला सांगणार? ज्याने आणला त्याला सांगून उपयोग नाही, ज्याने केला तो तिथे नाही. केलेल्या वस्तूला करणारा असतो, म्हणूनच तिच्यावर बोलता येतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः भाजलेला प्लमचा केक आणला आणि माझ्यापुढे ठेवून उभे राहिले. मीही म्हटलं, तळ जरा ओला राहिलाय. ते खूश!

इथवर ही चांगली गोष्ट आहे. इथेच थांबलो तर 'बघा, परदेशात कशी श्रमाला किंमत आहे' छापाचा लेख होईल. मला ते म्हणायचं नाही. नानकटाईचा निरोप आठवा. "तूप हात आखडून घातलंय." हा रिव्ह्यूच होता की. आमच्या गल्लीत ही पद्धत होतीच. मग गेली कुठे?

याचं उत्तर आईच्या त्या प्रश्नात आहे. "तो तुला आवडायचा का?"

माझ्या दहाव्या वाढदिवसाला मी हट्ट धरला होता. वर्गातली आठ पोरं येणार, तर केक बेकरीचाच पाहिजे. गुलाबाची फुलं, वर नाव लिहिलेलं. वडिलांनी आणला. आईने सवयीने सकाळीच कुकरमध्ये तिचा केक करून ठेवला होता. तो बाहेर आलाच नाही. ओट्यावर ताटलीखाली झाकून राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी चहाबरोबर खाल्ला. कुणी कुणाला काही बोललं नाही. त्यानंतर आईने वाढदिवसाला केक केला नाही आणि तिने तो बंद केलाय हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. एकोणीस वर्षांनी स्टुटगार्टहून मी त्याची कृती विचारत होतो, का, तर चार गोऱ्या लोकांवर छाप पाडायला.

आमच्या पिढीचं हे असंच झालंय. विकत आणलेलं म्हणजे प्रतिष्ठेचं, घरी केलेलं म्हणजे भागवलेलं. पैसे नव्हते तेव्हाची ती लाज, पैसे आल्यावरही गेली नाही.

संशोधकांनी २०१२ सालीच एक गंमत मांडली होती. माणसाने स्वतः जोडलेल्या वस्तूला, मग ती साधी फर्निचरची पेटी का असेना, तो स्वतः जास्त किंमत लावतो. मात्र काम पुरं झालं तर. त्याला त्यांनी नाव दिलं 'आयकिया इफेक्ट'. खरंच आहे, माझा कललेला केक मला सुंदरच दिसत होता. पण हा नियम करणाऱ्यापुरता. खाणाऱ्याला तो आपोआप लागू होत नाही. खाणाऱ्याला विचारावं लागतं, "तू केलंस? कसं केलंस?" मला एका केकवर अर्धा तास हे प्रश्न मिळाले. आईला रोजच्या दोन वेळच्या स्वयंपाकावर किती वेळा मिळाले असतील?

आकडा हवा असेल तर तोही आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष ते करतात ते ८८ मिनिटं. ही तुलना घरकाम करणाऱ्यांचीच. न करणारे पुरुष तर त्यात धरलेलेच नाहीत. तेव्हा एका पुरुषाने वर्षातून एक केक केला म्हणून टाळ्या पडतात, ही गोष्ट केकच्या चवीपेक्षा या आकड्यांबद्दल जास्त सांगते. आणि जर्मन ऑफिसातही माझा केक पाहून एक सहकारी बाई हसत म्हणाल्याच होत्या की, माझ्या केकभोवती इतकी गर्दी कधी होत नाही!

कुणी म्हणेल, म्हणजे आता प्रत्येकाने घरीच केक भाजायचे का? अजिबात नाही. बेकरीवाल्याचेही हात असतात, तो पहाटे तीनला उठतो. रिलीजच्या आठवड्यात खुशाल मागवा. आणि 'आईच्या हातची चव' म्हणून गळे काढण्याचाही मला आता कंटाळा आलाय. हे कौतुक बऱ्याचदा आईला ओट्यापाशीच ठेवायची सोय असते. माझं म्हणणं एवढंच आहे. कुणावर छाप पाडायची असेल तर एकदा स्वतःच्या हाताने काहीतरी करा, ते फसू द्या, परत करा आणि समोरच्याला खरं बोलू द्या. त्याने ऑफिसात काय फरक पडेल तो पडेल. तुमच्या घरात कोण काय करतंय, हे मात्र तुम्हाला पहिल्यांदा दिसायला लागेल.

गेल्या दिवाळीत सोलापूरला होतो. आता घरी ओव्हन आहे, तरी मी माळ्यावरून जुना कुकर काढला. वाळू मिळवायला दोन चकरा झाल्या. आजकाल बांधकामावर कृत्रिम वाळू असते, ती नको वाटली. शेवटी मीठ पसरलं, तेही चालतं. आई खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली. मध्ये बोलायचं नाही असं ठरलं होतं, ते तिने चार मिनिटं पाळलं. केक निघाला. तिने तुकडा मोडला, आतली जाळी बघितली, वास घेतला, खाल्ला.

"सोडा शिगोशीग घातलास. आणि मीठ विसरलास."

म्हटलं, "मीठ तर एवढं किलोभर खाली आहे."

"खाली आहे. आत नाही."

मग तिने दुसरा तुकडा घेतला.

तर बाबा रे, स्टुटगार्टला जाताना कुकर ने. केक शॉपचा पत्ता मी देणार नाही. वाटी मात्र आधी मोजून ठेव.